बोलता येईल इतका वेग

हरिहर आठल्ये समोरून येताना दिसला की मारुती मंदिरापासून गाडीतळापर्यंतची निम्मी माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जात. तो काही विमा विकणारा नव्हता की वर्गणी मागणारा नव्हता. सरकारी कचेरीतला सरळमार्गी हेडक्लार्क, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण समोर आला, की माणसाला नखशिखांत न्याहाळायचा आणि म्हणायचा, "काय मग, रविवारी येताय ना पळायला? फार नाही हो, थोडंसंच." त्या 'थोडंसं'ची साऱ्या गावानं धास्ती घेतली होती.

धावणाऱ्या माणसाचं एक असतं बघा. एकदा त्याचं अंग हलकं झालं, की जड अंग कसं असतं हे तो साफ विसरतो. आपण दुसऱ्या मजल्यावर पोचलो की कठडा धरून जरा उभे राहतो, उगाच खिशातलं काहीतरी शोधल्यासारखं करतो. त्याला वाटतं, खरंच काहीतरी शोधताहेत. हरिहर तसाच. लबाडी म्हणून नव्हे, त्याला मनापासून वाटायचं की धावणं म्हणजे चालण्याचीच जरा पुढची पायरी. ज्याला बाजारातून नारळ आणता येतात, त्याला किनाऱ्याच्या टोकाशी असलेल्या झरी विनायकाच्या देवळापर्यंत पळत जाऊन येता आलंच पाहिजे. त्याला स्वतःला येत होतं ना? मग झालं.

कचेरीच्या गाडीवर आत्माराम नावाचा ड्रायव्हर होता. गुटगुटीत, हसतमुख माणूस. त्याला हरिहरनं एकदा थिबा पॅलेसच्या चढावर नेला. "हा चढ नव्हेच, नुसता दिसतो चढ," असं म्हणत वर गेला. वर जाऊन वळून पाहतो तर आत्माराम अर्ध्या वाटेत कडेच्या दगडी गडग्याला धरून ओकत होता. पुढचा आठवडाभर गाडीचा क्लच दाबताना आत्मारामच्या तोंडून "आई गं" निघायचं आणि मागे बसलेले साहेब दचकायचे. हरिहरचं त्यावर म्हणणं एवढंच, की आत्मारामनं आदल्या रात्री कोंबडी खायला नको होती.

शेजारच्या महिपत सावंतांनी तर डॉक्टरनं मनाई केली म्हणून सांगून टाकलं. कुठल्या डॉक्टरनं, ते सावंतांनाही ठाऊक नव्हतं. बाकीच्यांनी आपलं इथलं हुकमी उत्तर दिलं: "बघूया." आता रत्नागिरीत 'बघूया' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हरिहर जन्मला इथेच, वाढला इथेच. पण या एका बाबतीत तो 'बघूया'चा अर्थ बघूया असाच घ्यायचा आणि रविवारी सकाळी भाट्याच्या पुलाच्या तोंडाशी उभा राहून वाट बघायचा. समोरून दुधाच्या गाड्या जायच्या, मासळी घेऊन बायका यायच्या. ओळखीचं कुणी यायचं नाही. मग तो एकटाच पुलावरून निघायचा.

माणसं आळशी आहेत, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. तसं ठरवलं की बरं पडतं. नाहीतर मग दुसरं काहीतरी ठरवावं लागलं असतं.

त्याला एकटं वाटायचं, हे सरळ सांगून टाकावं. लग्न राहून गेलं होतं. वडील लवकर गेले, मग आईचं आजारपण निघालं, मग हां हां म्हणता वय झालं. आई होती तोवर घराला एक आवाज होता. लहानपणी ती त्याला गोष्ट सांगायची, तेव्हा तिचा नियम होता: हुंकार दिलास तरच पुढे सांगेन. पुढे सांगणारा तो झाला आणि हुंकार आईचा. संध्याकाळी कचेरीतून आला की खाटेशी खुर्ची ओढून बसायचा आणि कोण काय म्हणालं, कुणाची बदली झाली, कोण कुणाशी भांडलं, सगळं सांगायचा. आई डोळे मिटून "हुं" करायची. हुं आला नाही की समजायचं, झोप लागली, आणि पांघरूण सारखं करून उठायचं. एका संध्याकाळी असाच हुं आला नाही. त्यानं पांघरूण सारखं केलं आणि उठला. सकाळी चहा घेऊन गेला तेव्हा कळलं.

त्यानंतर घर खायला उठलं. विशेषतः सकाळी. आईला उठवायच्या, तिचं तोंड धुवायच्या वेळेला हात नुसते लोंबत राहायचे. म्हणून तो बाहेर पडला. आधी चालायचा. चालता चालता पळायला कधी लागला, त्याचं त्यालाच कळलं नाही. मग अंग उतरलं, गालफडं बसली, कोल्हापूरला, साताऱ्याला शर्यतींना जाऊन आला. कोल्हापूरला एका जुन्या पळणाऱ्यानं त्याच्या कानात मंत्र सांगितला: बोलता येईल इतक्याच वेगानं धावायचं. दम लागून वाक्य तुटलं तर समज, जास्त झालं.

हरिहरनं हे गाठीला बांधून ठेवलं. भाट्याच्या ओल्या वाळूवरून जाताना तो मधूनच मोठ्यानं बोलून बघायचा. "आज ओहोटी लवकर लागली." "ती हरवलेली फाइल कपाटावर सापडली." वाक्य सलग आलं की वेग बरोबर. किनाऱ्यावर जाळी निवडत बसलेली माणसं एकमेकांकडे बघायची. वाक्य बरोबर यायचं, पण त्याला पुढे कुणी काही म्हणायचं नाही, एवढंच.

आणि एक अडचण होती, चावीची. पळायच्या चड्डीला खिसा नसतो. मुठीत धरली तर तळव्याला रुतायची, बुटाच्या नाडीला बांधली तर वाटभर वाजायची. म्हणून तो राम आळीच्या उतारावर उमाबाई मयेकरांच्या शिवणाच्या दुकानात गेला.

उमाबाईंचे यजमान बोटीवर होते. ते वारून बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन बडोद्याला. बाई पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, गळ्यात कायम माप घ्यायची टेप. दुकान एवढंसं, पण कधी कुणाचं पोलकं वायद्याला चुकलं नाही.

"या चड्डीला आतून एक खिसा लावून हवा होता," हरिहर म्हणाला. "एवढासा. चावीपुरता."

"चावी कशाला न्यायची? येताना कडी वाजवावी."

"उघडायला कुणी नाही."

उमाबाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा चड्डीकडे बघितलं आणि शिवण उलटीपालटी करून पाहिली. "माझी पण कमरेलाच असते," त्या म्हणाल्या. "बटण लावू की चेन?"

एवढंच बोलणं. पण त्या दिवशी तो घरी गेला आणि खिशातून चावी काढताना त्याला बरं वाटलं. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत त्यानं होत्या नव्हत्या तेवढ्या चड्ड्यांना खिसे लावून घेतले. मग रेनकोटाला. मग एका शर्टाचं धड असलेलं बटण तोडून तो घेऊन गेला. उमाबाईंनी बटण लावून दिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. त्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला भाऊ म्हणायच्या. पोस्टमन भाऊ, टेम्पोवाला भाऊ, समोरचा सोनारसुद्धा भाऊ. हरिहरला मात्र त्या आठल्येसाहेब म्हणायच्या. हे त्यानं बरोबर हेरून ठेवलं होतं. आणि त्याच्याही तोंडातून कधी उमाताई निघालं नव्हतं. उमाबाई म्हणायचा.

एक दिवस त्या दोरा तोडता तोडता म्हणाल्या, "बसून बसून पाय आखडतात हो. जरा हातपाय हलवायला हवेत."

झालं. हरिहरला एवढंच पाहिजे होतं. "मग या की रविवारी. भाट्याला. फार नाही, थोडंसंच. आणि तुमचे पाय तयारच आहेत. दिवसभर मशीन मारता तुम्ही."

आता मशीनला मोटार बसवून जमाना झाला होता. पायाखाली एक चपटं बटण होतं, अंगठ्यानं दाबलं की चालायचं. हरिहर रोज समोर बसून ते बघत होता. पण दिसणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

उमाबाई हसल्या. तो 'बघूया'ची वाट बघत होता. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "येते. रविवारी दुकान बंदच असतं."

रविवारी त्या खरोखरच आल्या. पंजाबी ड्रेस, मुलीचे माहेरी राहिलेले कॅनव्हासचे बूट, केस घट्ट बांधलेले, आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत थर्मास होता. हरिहर पुलाच्या तोंडाशी उभा होता आणि त्याला आपला चेहरा कसा ठेवावा कळेना. इतके रविवार त्या जागी तो उभा राहिला होता. पहिल्यांदाच कुणीतरी आलं होतं.

"पिशवी कशाला आणलीत?" तो म्हणाला. "पळताना हिंदकळेल. चला, शहाळेवाल्याकडे ठेवून देऊ." आणि त्यानं ती काढून घेतलीसुद्धा.

वाळू छान होती. पाणी खूप आत गेलेलं, ओली वाळू जमिनीसारखी टणक. सुरूच्या झाडांमधून ऊन अजून खाली आलं नव्हतं. "अगदी हळू जायचं," हरिहरनं बजावलं. "बोलता येईल इतक्या वेगानं. तो एकच नियम." आणि निघाला. खरोखरच तो हळू निघाला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. इतका हळू, की त्याला स्वतःची लाज वाटत होती.

आणि बोलता येत होतं. फारच छान बोलता येत होतं. आधी तो भरतीओहोटीचं बोलला. मग कचेरीचं. मग आत्मारामच्या क्लचची गोष्ट सांगितली.

"हुं," शेजारून आवाज आला.

हरिहरच्या अंगावर काटा आला. किती वर्षांनी. त्यानं वळून बघितलं नाही. वळून बघितलं तर आवाज थांबेल, अशी काहीतरी वेडी भीती त्याला वाटली. तो समोर बघून सांगत राहिला आणि शेजारून, अर्ध्या पावलावरून, मग पाऊलभर मागून, हुंकार येत राहिला. "हुं. हुं." अगदी वेळेवर. त्यानं मग आईचं सांगितलं. ती संध्याकाळ सांगितली, पांघरूण सारखं करून उठलो ते सांगितलं. हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, परगावच्या बहिणीलाही नाही.

"हुं," उमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. हरिहरला वाटलं, बाईला किती कळतं.

झरी विनायकाशी तो थांबला नाही, तिथूनच वळला, कारण थांबला असता तर धीर गेला असता. परतीच्या वाटेवर पूल समोर दिसायला लागला, आता वाळू संपेल असं वाटलं, तेव्हा त्यानं विषय काढला. धावत धावतच. चावीवरून सुरुवात केली.

"उमाबाई, ती चावी एकट्यानं बाळगायचा मला कंटाळा आलाय. खरं सांगतो. कडी वाजवावी आणि आतून कुणीतरी दार उघडावं असं वाटतं. आता या वयात हे बोलणं शोभत नाही, कळतं मला. पण तुमचीही चावी कमरेलाच असते. तर दोघांनी एकाच दाराची... म्हणजे रीतसर. चार माणसांदेखत. तुमची हरकत नसेल तर."

सगळी वाक्यं सलग आली. वेग अगदी बरोबर होता.

मागून क्षणभर नुसत्या पावलांचा आवाज आला. मग आला, जरा लांबलेला, छातीतून निघालेला. "हुंऽ."

पुलाशी आल्यावर उमाबाई सुरूच्या एका आडव्या पडलेल्या खोडावर बसल्या आणि त्यांनी ओढणीत तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. हरिहर चार हात लांब उभा राहिला. त्यालाही भरून आलं होतं. अशा वेळी बाईमाणसाला एकटं सोडावं एवढं त्याला कळत होतं, म्हणून तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं पिशवी आणून दिली, रिक्षा थांबवली. उमाबाई कशाबशा आत बसल्या. चेहरा लाल झाला होता, त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "येते," एवढंच म्हणाल्या.

आपल्याकडे निघताना 'जाते' कुणी म्हणत नाही, सगळीच 'येते' म्हणतात. हरिहरला ते काय ठाऊक नव्हतं? पण त्या दिवशी त्याला तो शब्द निराळाच ऐकू आला. रिक्षा गेली तरी तो पुलावर उभाच होता.

सोमवारी दुकान बंद. मंगळवारी बंद. हरिहर संध्याकाळी राम आळीतून उगाचच जाऊन आला आणि शटर बघून त्याला हसू आलं. साहजिकच होतं. लगेच कसं कुणी समोर येईल? बडोद्याला मुलीशी बोलायचं असेल. जावेला, दिराला विचारायचं असेल. त्यांच्यात काय रीत असेल, आपल्यात काय रीत असेल, हे त्यांनाही निस्तरावं लागणार. घाई करायची नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि घराकडे वळला.

घरी त्यानं आईचं कपाट आवरायला काढलं. इतके दिवस त्याला हात लावला नव्हता. लुगडी बहिणीसाठी बाजूला ठेवली, खालचे दोन कप्पे पुसून त्यावर वर्तमानपत्र पसरलं. उंबऱ्याशी फरशी निखळली होती ती बसवून घेतली. न वाजणारी बेल दुरुस्त केली. गेल्या कित्येक वर्षांत ती बेल वाजवायला कुणी आलंच नव्हतं. दुरुस्त झाल्यावर त्यानं बाहेर उभं राहून ती दोनदा वाजवली. आत आवाज घुमला. शेजारच्या सावंतांनी खिडकीतून डोकं काढलं, आणि पळायला बोलावतोय की काय, या भीतीनं परत आत घेतलं.

मग चावीवाल्याकडून त्यानं दुसरी चावी करून घेतली. नवी चावी पिवळीधमक होती, हाताला खरखरीत लागायची. ती दोन दिवस शर्टाच्या खिशात घेऊन तो कचेरीत गेला. आत्माराम म्हणाला, "साहेब आज खुशीत दिसतात." हरिहर म्हणाला, "अरे, हवा बरी आहे."

शुक्रवारी शटर अर्धं वर दिसलं. हरिहर घरी जाऊन नवीन आणलेली चड्डी घेऊन आला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं. सरळ विषय काढायचा नाही, बाईंना लाजल्यासारखं होईल. आपल्या दोघांनाच कळेल असं काहीतरी म्हणायचं आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचं.

उमाबाई मशीनवर बसल्या होत्या. एक पाय शेजारच्या स्टुलावर, घोट्याला पट्टी बांधलेली, गुडघ्याशी कसलासा लेप. म्हणजे ज्या स्टुलावर तो बसायचा ते अडलेलं. त्याला बघून त्या हसल्या, पण उठल्या नाहीत.

"या आठल्येसाहेब. काय, खिसा?"

हरिहरनं चड्डी पुढे केली. "या वेळी कंबर तेवढी आवळून हवी. खिसा नको."

"खिसा नको?"

"आता काय गरज खिशाची," तो म्हणाला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

उमाबाईंनी चड्डी हातात घेतली, आतली शिवण उलटी करून पाहिली, मग सरळ, मोकळ्या, काळजीच्या सुरात विचारलं, "मग चावी कुठे ठेवणार?"

त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. लाज नाही, थट्टा नाही, नकारही नाही. चावी कुठे ठेवणार, हा एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर हवं होतं.

"पायाला काय झालं?" त्यानं कसंबसं विचारलं.

"घ्या. आणि मलाच विचारताय." उमाबाईंना हसू आलं. "रविवारपासून आडवी होते मी. पोटऱ्या दगड झाल्या. मोरीत जायचं तर धाकटी जाऊ येऊन दंडाला धरून न्यायची. म्हणाली, या वयात काय भूत संचारलं होतं पळायला? मी म्हटलं, बाई गं, मी पळायला गेलेच नव्हते."

"म्हणजे?"

"मला वाटलं, तुम्ही पळणार म्हणजे जरा भरभर चालणार. वाळूवर फिरू, कुठेतरी बसू. चहा नेला होता थर्मासात, आल्याचा. दोघांपुरता. तो तुम्ही त्या शहाळेवाल्याकडे ठेवून दिलात." त्यांनी दोरा ओवायला सुई उजेडाकडे धरली. "घरी येऊन मोरीत ओतला."

हरिहरनं दाराच्या चौकटीला हात लावला.

"पण मी... तुम्ही हुंकार देत होतात."

"हुंकार कसला हो? मी थांबा म्हणत होते. थांबा, थांबा, म्हणून किती वेळा. शब्दच फुटेना. नुसता हुं निघायचा. कानात एवढी धडधड, की तुम्ही तोंड हलवताय एवढं दिसत होतं. बोलताय काय, ते देव जाणे. मला वाटलं, आता इथंच पडते आणि जाते. शेवटी तर पूल जवळ आला तेव्हा जीव खाऊन म्हटलं, थांबा. तरी तुम्ही आपले पुढेच."

त्या हे रागानं सांगत नव्हत्या. झालं गेलं म्हणून सांगत होत्या. बोलून झाल्यावर त्यांनी पाय जरा हलवला, तोंड वाकडं केलं, आणि मशीनवरचं काम बाजूला सारलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे वळून बसल्या.

"एवढं काय सांगत होतात पण? सारखं बोलत होतात. आता सांगा. आता मी बसलेय."

हरिहर उभा होता. नुसता उभा, सपाट फरशीवर, पंख्याखाली. वाक्यं तयार होती. भाट्याच्या वाळूवर तीच वाक्यं एकामागून एक सलग आली होती. त्यानं तोंड उघडलं आणि छातीत धडधडायला लागलं. कानांत नुसती गाज भरली. पहिला शब्द जिभेवर आला, तो काही केल्या पुढे सरकेना. खिशात पिवळी चावी होती, तिच्यावर त्यानं हात ठेवला. थिबा पॅलेसच्या चढावर गडग्याला धरून उभा असलेला आत्माराम त्याला दिसला, तो गडगा का धरून उभा होता ते कळलं. अंग जड कसं होतं ते त्याला आता कळलं.

उमाबाई थांबल्या. मशीन बंद, हात रिकामे, चांगल्या थांबल्या. बाहेरून एक टेम्पो चढ चढत गेला. पलीकडच्या दुकानात कुणीतरी शटर ओढलं. त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्याला एक श्वास पुरेल एवढंसुद्धा वाक्य जमत नव्हतं.

मग गिऱ्हाइकाला फार खोदून विचारू नये म्हणून त्यांनीच नजर काढून घेतली. चड्डी उचलली, कंबरेशी टेप लावली.

"बरं, खिसा घालू ना मग?" त्या म्हणाल्या. "नेहमीसारखा?"

"हुं," हरिहर म्हणाला.

उमाबाईंनी मान हलवली आणि चिंध्यांच्या डब्यात खिशाजोगा तुकडा शोधायला घेतला.